थंड देशात निघालेल्या लेकरांची तब्येत

आपल्या बीड जिल्ह्याला गाव सोडणं नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत भरायचं, कोयता घ्यायचा आणि सहा महिने परक्या फडावर काढायचे, हे आपल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. आता त्याच घरांतून एखादं लेकरू वेगळ्या वाटेनं निघतं. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला जातं. सामाजिक न्याय विभागाच्या या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजाच्या ७५ मुलामुलींची दरवर्षी निवड होते. कोणी जीएनएम करून इंग्लंडच्या नर्सिंग परीक्षेची तयारी करतं. कोणी कर्ज काढून जातं. वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. ते व्हायलाच पाहिजे.

सत्कार झाला की घरची माणसं आम्हाला एकच प्रश्न विचारतात, ‘ताई, तिकडं थंडी लई असती म्हणं, काय काय द्यावं संगं?’ मग स्वेटर येतो, कानटोपी येते, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेलं पीठ बांधलं जातं. आमचं म्हणणं एवढंच की स्वेटर तिकडेही मिळतो. रक्त इकडूनच न्यावं लागतं. म्हणून आम्ही उलटा प्रश्न विचारतो, ‘हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दहावीत असताना.’

रक्तापासून सुरुवात

शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. खाल्लेलं अन्न जाळायला प्राणवायू लागतो आणि तो पोहोचवतं रक्त. रक्त कमी असेल तर बीडच्या ४२ डिग्रीत माणूस थकतो, धापा टाकतो, पण थंडीनं गारठत नाही. त्यामुळे आपल्याकडे ही उणीव निभावून जाते. पाच डिग्रीच्या गावात ती निभावत नाही. बोटं बधिर होतात, दिवसभर अंग गार राहतं, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि पोरगी समजते की आपल्यालाच थंडी सोसत नाही. मुलींचं हिमोग्लोबिन १२ आणि मुलांचं १३ च्या खाली असेल तर आधी उपचार करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. मात्र गोळ्यांनी रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात आणि त्यानंतरही काही महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तिकीट हातात आल्यावर तपासून उपयोग नाही. ज्या महिन्यात फॉर्म भरला, त्याच महिन्यात तपासा. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. थकवा, केस गळणं, वजन वाढणं आणि थंडी अजिबात न सोसणं असं एकत्र दिसलं तर थायरॉइडचीही तपासणी करून घ्या.

दुसरी तपासणी सिकलसेलची. याबद्दल आपल्याकडे बोलायला माणसं कचरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्या राज्यात तो विदर्भात जास्त आढळतो, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, आणि तिथे तो आदिवासींत तसाच नवबौद्ध समाजातही आहे. मराठवाड्यात प्रमाण कमी, पण आपल्या सोयरिकी विदर्भात होतात, आजोळ तिकडचं असतं. काही जण याला ‘जातीचा रोग’ म्हणतात. जातीचा असा कुठलाही रोग नसतो. ज्या प्रदेशांत हजारो वर्षं मलेरियाचा कहर होता, तिथल्या माणसांत हा गुण टिकला, कारण एकाच पालकाकडून तो मिळालेल्याला मलेरिया जिवावर बेतण्याचा धोका कमी राहतो. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही हेच झालं.

थंड देशात जाताना हे का महत्त्वाचं? ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, ताप आला की त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटतील अशा वेदना सुरू होतात. अशा मुलानं परदेशी जाऊ नये असं आम्ही म्हणत नाही. इंग्लंडमध्ये आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे अनेक सिकलसेल रुग्ण आहेत आणि त्यांच्यासाठी तिथे खास उपचारकेंद्रं आहेत. फक्त जाण्याआधी माहीत पाहिजे, कागद संगं पाहिजेत आणि पोहोचल्याबरोबर डॉक्टरला सांगितलं पाहिजे. जो नुसता वाहक आहे त्याला सहसा त्रास होत नाही. त्यानं हे लक्षात ठेवायचं ते लग्नाच्या वेळी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. पहिली तपासणी साधी असते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी होते. २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, त्यातही ही तपासणी होते.

क्षयाचा कागद, दात आणि चष्मा

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा मागणाऱ्या भारतीयाला क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे. ती त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते, आपल्या नेहमीच्या एक्स-रे सेंटरचा कागद चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. छातीच्या फोटोत काही शंकास्पद दिसलं तर थुंकी तपासायला घेतात आणि त्याचा निकाल यायला दोन महिनेही लागू शकतात. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला असेल तर फोटोत जुना डाग दिसू शकतो. म्हणून अशा मुलांनी ही तपासणी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये आणि उपचार पूर्ण केल्याचे जुने कागद शोधून जवळ ठेवावेत. वस्तीत टीबी लपवण्याची सवय अजून गेलेली नाही. इथे लपवण्यानं सेमिस्टर बुडेल, एवढं तरी पोरांना समजावा.

तिकडे गेल्यावर १६ ते ३५ वयाच्या नव्यानं आलेल्यांना ‘झोपलेल्या’ टीबीसाठी रक्ततपासणीला बोलावतात. जंतू अंगात आहेत पण आजार नाही, अशी ती अवस्था. बोलावणं आलं तर घाबरून टाळू नका. टीबीची तपासणी आणि उपचार तिथे सर्वांना मोफत आहेत.

दातांचं काम इथेच उरकून घ्या. दवाखान्याचं बाकी पुष्कळ मोफत असलं तरी तिथे दाताला आणि चष्म्याला पैसे पडतात, आणि सरकारी दरात दाताचा डॉक्टर मिळायला फार वाट पाहावी लागते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दोन चकरा मारल्या तर किडलेले दात भरून होतात. चष्मा असेल तर दोन जोड करून घ्या. मिशरी, तंबाखूची सवय असेल तर ती सोडायला याहून चांगला मुहूर्त नाही. मुहूर्त आपण मानत नाही, पण तुम्हाला कळलं.

रोजचं औषध चालू असेल, दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, शुगरचं औषध, तर तीन महिन्यांचं न्या. डॉक्टरकडून लेटरहेडवर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि आजार लिहून घ्या, कारण आपल्या कंपन्यांची ब्रँडची नावं तिकडे कोणी ओळखत नाही. झोपेच्या किंवा जोरदार वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय पिशवीत टाकू नका. अँटिबायोटिक तिथे मेडिकलवर मागून मिळत नाही.

याच ओघात एक गोष्ट. आपल्याकडे ताप आला की डॉक्टरनं सुई टोचली पाहिजे, सलाईन लावली पाहिजे, तेव्हाच पैसे वसूल झाले असं वाटतं. तिथला डॉक्टर साध्या तापाला पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, झोपा, एवढंच सांगून घरी पाठवतो. पोरांना वाटतं आपल्याकडे दुर्लक्ष केलं, काळे म्हणून हाकललं. भेदभाव तिथेही आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण सलाईन न लावणं हा भेदभाव नव्हे, ते बरोबर औषधोपचार आहेत. चुकीची पद्धत आपल्याकडची आहे.

पैसा कमी पडला की कात्री पोटाला लागते

बाबासाहेब १९१६ साली अमेरिकेतून लंडनला गेले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० साली ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. त्या काळात ते किती अर्धपोटी राहिले हे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे. रात्री भूक असह्य झाली की भाजलेले पापड आणि दूध. इकडे मुंबईत रमाईंचे हाल वेगळेच. लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, महाराष्ट्र शासनानं २०१५ साली विकत घेतलं. आज तिथे स्मारक आहे. आपली मुलं तिथे जाऊन फोटो काढतात, आपल्याला पाठवतात आणि आपले डोळे भरून येतात.

पण आमच्या मनात येतं की बाबासाहेब उपाशी राहिले ते पुढच्यांना उपाशी राहावं लागू नये म्हणून. काही मुलं त्यांच्या उपासमारीलाच आदर्श मानतात. ‘बाबासाहेबांनी काढले दिवस, आम्ही पण काढू’ म्हणतात आणि एक वेळ जेवतात. हे आम्हाला पटत नाही.

आता हिशोब बघा. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला राहण्या-खाण्यासाठी शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ९,९०० पौंड ठरलेली आहे. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर जवळपास ९५ हजार रुपये होतात. ऊसतोडीच्या घरात ही रक्कम ऐकून माणसं गप्प होतात. आता दुसरी बाजू. ब्रिटनचं सरकारच व्हिसा देताना विद्यार्थ्याला किती पैसे लागतील हे ठरवतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी लंडनसाठी महिन्याला १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड असा आकडा धरला. ८२५ आणि १,४८३. मधली दरी कोण भरतं? मुलगा भरतो, रात्रपाळीला भांडी घासून किंवा गोदामात खोकी उचलून. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम केलं तर व्हिसाच धोक्यात येतो, म्हणजे तिथेही हात बांधलेले. खोलीचं भाडं कमी करता येत नाही, बसचं तिकीट कमी करता येत नाही. कमी करता येतं ते जेवण आणि हीटर. थंडीत या दोन्ही गोष्टींची गरज सगळ्यात जास्त असते.

म्हणून पहिला सल्ला असा की पर्याय असेल तर लंडनबाहेरचं चांगलं विद्यापीठ बघा. नावाची हौस सगळ्यांनाच असते, पण महिन्याला साडेतीनशे पौंडांचा फरक म्हणजे पोटभर जेवण आणि गरम खोली. खोली घेताना वीज आणि गॅस भाड्यात धरलेत का हे लिहून घ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे जवळ ठेवूनच निघा, हप्ता वेळेवर येईलच असं धरून चालू नका.

स्वस्तात पोषक काय मिळतं तेही सांगतो. डाळ, तांदूळ, गव्हाचं पीठ मोठ्या पिशवीत. अंडी, दूध, ओट्स. गोठवलेल्या भाज्या, त्या ताज्यापेक्षा स्वस्त असतात आणि सत्त्वानं कमी नसतात. डब्यातला राजमा, हरभरा. डब्यातले बांगडे आणि तारली, हे मासे स्वस्त असतात आणि त्यांत व्हिटॅमिन डी असतं. बोंबील खाणाऱ्या घरातल्या पोराला त्यात नवल वाटायचं कारण नाही. बाजरीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं पण महाग पडतं, ते सणावारी. भीमजयंतीला. नूडल्सच्या पाकिटावर महिना काढणारी मुलं पहिल्या हिवाळ्यातच आजारी पडतात.

अंधार

थंडीची कल्पना सगळ्यांना असते. अंधाराची नसते. बीड साधारण १९ अक्षांशावर आहे, लंडन साडेएकावन्नावर. डिसेंबरात लंडनला सूर्य सकाळी आठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. स्कॉटलंडमध्ये दिवस आणखी लहान. त्यातही ढग. सकाळी अंधारात बाहेर पडायचं आणि अंधारातच खोलीवर यायचं, असे दोन-तीन महिने.

आपली सावळी कातडी कडक उन्हासाठी तयार झालेली आहे. ती आपल्याला इथल्या उन्हापासून वाचवते, पण तिथल्या फिक्या उन्हातून व्हिटॅमिन डी बनवायला तिला जास्त वेळ लागतो. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तर तिथल्या उन्हातून कोणालाच पुरेसं मिळत नाही. म्हणून तिथलं आरोग्यखातं सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट व्हिटॅमिन डी घ्यायला सांगतं, आणि भारतीय उपखंडातल्या किंवा आफ्रिकी वंशाच्या सावळ्या माणसांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सांगतं. गोळी तिथल्या कुठल्याही दुकानात स्वस्त मिळते. आपल्याकडून ६० हजार युनिटच्या पुड्या नेऊन मनानं महिनोन्‌महिने खाऊ नका. ती मात्रा डॉक्टरनं ठरवायची असते, जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. कमी पडलं तर कंबर, मांड्या, पिंढऱ्या दुखतात, जिना चढताना पाय भरून येतात. पोरं म्हणतात काम जास्त झालं. कधी ते असतं, कधी हे असतं.

अंधाराचा दुसरा परिणाम मनावर होतो. झोप वाढते, उठावंसं वाटत नाही, गोड खावंसं वाटतं, विनाकारण रडू येतं, फोन उचलायचा कंटाळा येतो. दरवर्षी हिवाळ्यात येणारं असं नैराश्य हा तिथे ओळखला जाणारा आजार आहे, गोऱ्यांनाही होतो. दुपारी जो काही उजेड असेल त्यात अर्धा तास चालणं, हा त्यावरचा साधा उपाय, तो रोज केला तर गुण येतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टर.

खोलीतला ओलावा, खोलीतली शेगडी

कपड्यांबद्दल थोडक्यात. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत, मधे अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. पायमोजे ओले झाले की लगेच बदलावेत. गारठून आल्यावर पाय हीटरला लावू नयेत. एकदम शेकलं की बोटं सुजतात, खाजतात, जळजळतात. गोऱ्या कातडीवर ती लाल दिसतात, आपल्या कातडीवर काळसर-जांभळी, म्हणून लवकर लक्षात येत नाही. हळूहळू ऊब द्यावी, खाजवू नये, जखम झाली तर दाखवावं.

शेगडीबद्दल मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे थंडीत शेकोटी होते ती अंगणात. आपल्या घराला फटी असतात, पत्र्याखालून वारा वाहतो. तिकडची खोली डबीसारखी बंद असते. वीजबिल वाचवायला अशा खोलीत कोळसा पेटवला किंवा स्वयंपाकाचा गॅस चालू ठेवून ऊब घेतली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर लगेच सगळे बाहेर पडा. गॅसचा बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं इंग्लंडमध्ये २०२२ पासून घरमालकावर बंधनकारक आहे. तो आहे का हे पहिल्या दिवशीच बघा.

ओलावा हा तिसरा प्रश्न. खिडकी बंद, कपडे आतच वाळत घातलेले, पाच जणांचा स्वयंपाक, आणि हीटर बंद. भिंतीवर काळी बुरशी धरते. तिनं दमा उसळतो, खोकला महिनोन्‌महिने जात नाही. रोज दहा मिनिटं खिडकी उघडावी, भांड्यावर झाकण ठेवून शिजवावं, भिंत पुसावी. पण सगळी जबाबदारी भाडेकरूची नसते. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल गावात अवाब इशाक हे दोन वर्षांचं बाळ घरातल्या बुरशीमुळे श्वासाच्या आजारानं गेलं. आईवडील सुदानमधून आलेले. ते वारंवार तक्रार करत होते. घरं देणाऱ्या संस्थेनं मात्र त्यांच्या राहणीमानाला, आंघोळीच्या पद्धतीला बोल लावला, आणि आपण गृहीत धरून चाललो होतो हे चौकशीनंतर कबूल केलं. ‘यांची राहणीच घाण’ हे वाक्य आपल्या वस्तीला परकं नाही. नळ दोन दिवसांआड सोडायचा, गटार उघडं ठेवायचं आणि रोगराई झाली की वस्तीतल्या माणसांना नावं ठेवायची, हे आपण रोज बघतो. त्या बाळाच्या नावानं तिथे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सार्वजनिक भाड्याच्या घरांना लागू झाला. खाजगी खोलीतल्या मुलांनीही बुरशीचे फोटो तारखेसह काढून घरमालकाला लेखी कळवावं. विद्यापीठाचं निवास कार्यालय आणि स्थानिक कौन्सिल यांच्याकडे तक्रार करता येते.

मुकादम इंग्रजी बोलतो

आरोग्याच्या पानावर एजंटचा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. कर्जानं झोप उडालेली माणसं आम्ही रोज तपासतो, म्हणून. वृद्धांच्या सेवेचं काम, ‘केअर वर्कर’चा व्हिसा, असं सांगून लाखो रुपये मागणारे एजंट गावोगाव फिरतात. परदेशातून नव्यानं केअर वर्कर घेण्याचा हा रस्ता ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केला आहे. आज कोणी तो व्हिसा काढून देतो म्हणाला तर तो सरळ फसवतो आहे. नर्सची नोंदणी वेगळी, ती इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि तिथे जाऊन प्रात्यक्षिक, अशा पायऱ्यांनी होते. जीएनएमवाल्यांनाही ती खुली आहे. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घेणं ब्रिटनच्या नियमात बसत नाही. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्रानं २०२४ साली मनुष्यबळाचा करार केला, त्यातही नर्सिंग आहे, पण आधी जर्मन भाषा पक्की लागते. ‘आधी आम्ही भरतो, मग पगारातून कापू’ असं कोणी म्हणालं तर त्याला आपल्या भाषेत शब्द आहे, उचल. उचल घेतलेला माणूस आजारी पडला तरी फड सोडू शकत नाही, हे बीडच्या माणसाला शिकवायला नको.

दवाखाना, आणि एकटेपण

व्हिसाबरोबरच आरोग्याचा कर भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, त्याचे १,१६४ पौंड होतात, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. शिष्यवृत्तीतून यातलं काय परत मिळतं ते मंजुरीच्या पत्रात बघून घ्या. नर्सच्या व्हिसाला हा कर माफ आहे. एवढे पैसे भरूनही अनेक मुलं डॉक्टरकडे नाव नोंदवत नाहीत, ‘आजारी पडलो की बघू’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं. नोंदणी मोफत, तपासणी मोफत, दुभाषा मागितला तर तोही मोफत. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही. कुटुंबनियोजनाची साधनं सगळीकडे मोफत. जिवावरचं असेल तर ९९९, तातडीचा सल्ला हवा तर १११. मनाचा त्रास असह्य झाला तर ११६ १२३ हा मोफत नंबर, रात्री कधीही.

एकटेपणात जातही भर घालते. खोली शोधताना आपलेच देशी लोक आडनाव विचारतात, गाव विचारतात, ‘फक्त शाकाहारी’ सांगतात. पोरगं घरी सांगत नाही. परमिला तिर्की या बिहारमधून घरकामाला नेलेल्या आदिवासी बाईनं मिल्टन कीन्समधल्या भारतीय मालकांविरुद्ध दावा लावला. तिला दिवसाला १८ तासांपर्यंत राबवलं होतं. २०१५ मध्ये न्यायाधिकरणानं जवळपास १ लाख ८४ हजार पौंडांचा थकलेला पगार द्यायला लावला. म्हणजे तिथेही जात पोहोचली आहे, आणि तिथेही लढता येतं. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन या गावांत पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी बांधवांनी कित्येक वर्षांपूर्वी विहारं उभी केली आहेत. भाषा वेगळी असली तरी ‘जय भीम’ तेच आहे. जाण्याआधीच तिथला पत्ता शोधून ठेवा आणि पहिल्या महिन्यातच एकदा जाऊन या.

घरच्यांसाठी शेवटचं. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे असतो, आपल्या रात्री साडेनऊला तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात आणि बाहेर अंधार पडलेला असतो. फोनवर ‘जेवलास का’ विचारलं तर पोरगं ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी विचारा, काल रात्री काय शिजवलंस? हीटर किती वेळ लावलास? पायाची बोटं दाखव बरं कॅमेऱ्यात. डॉक्टरकडे नाव नोंदवलं का? आज उजेडात बाहेर पडलास का? आणि पहिलं वर्ष पैशाचा विषय आपणहून काढू नका.